गाडी ओरडते, पण पळत नाही



तिळगुळाच्या कार्यक्रमात हळदीकुंकवाच्या रांगेशेजारी उभं असताना तिघा-चौघांनी आम्हाला तोच प्रश्न विचारला. "काय हो, तुमच्या त्या छोट्या रेसिंगच्या गाडीचं काय झालं? अजून धूर काढते का?" उत्तर हातात वाण आणि तोंडात लाडू असताना देण्यासारखं नव्हतं. शिवाय मंडळातल्या आणखी दोन घरांत जुनी कार्ट विकत घेण्याचा विचार चालू आहे असं कानावर आलं. म्हणून ह्या अंकात पाककृतीच्या जागेत आम्ही क्लचबद्दल लिहितो आहोत. सुगरणींनी माफ करावं.

आम्ही म्हणजे तीन घरं. एक कोल्हापूरचं, एक नाशिकचं, एक डोंबिवलीचं. तीन घरांत मिळून चार मुलं, आणि त्या चौघांत मिळून एक कार्ट. कतारात वाढणाऱ्या मुलांना हे वेड लागलं तर नवल नाही. दोह्याच्या उत्तरेला लुसैलचं सर्किट २००४ पासून आहे. २००८ साली तिथे दिव्यांच्या उजेडात मोटोजीपीची रात्रीची शर्यत झाली. २०२१ साली फॉर्म्युला वन आली, २०२२ साली फुटबॉलच्या वर्ल्ड कपमुळे खंड पडला आणि २०२३ पासून ती पुन्हा सुरू झाली. आपण ह्या वयात बैलगाडीच्या शर्यती बघत होतो, ही मुलं हे बघतात. मुंबईचा जेहान दारूवालाही कार्टिंगमधूनच वर आला. डिसेंबर २०२० मध्ये शेजारच्या बहरीनमध्ये त्याने फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली, तेव्हा असं जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. आणि कोल्हापूरकरांना तर सांगायलाच नको. तिथल्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. आमच्यातलं कोल्हापूरचं घर ही गोष्ट दर आठवड्याला एकदा तरी ऐकवतं.

आमची कार्ट जुनी, तिसऱ्या हाताची. इंजिन होंडाचं जीएक्स १६०, १६३ सीसीचं, फोर स्ट्रोक. बांधकामाच्या साइटवर काम करणारे वाचक हे इंजिन ओळखतील. पाण्याच्या पंपावर, छोट्या जनरेटरवर, माती ठोकायच्या कॉम्पॅक्टरवर हेच बसवलेलं असतं. कार्टचा जन्मही काही राजेशाही नाही. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या गृहस्थाने गवत कापायच्या यंत्राचं इंजिन नळ्यांच्या सांगाड्यावर बसवून पहिली कार्ट केली. तेव्हा आपणही लाजायचं कारण नाही.

नोव्हेंबरात हवा सुधारली आणि आम्ही दर शुक्रवारी ट्रॅकवर जायला लागलो. चौघांत सगळ्यात हलकी आणि सगळ्यात हौशी म्हणजे आमची अकरा वर्षांची मुलगी. (कोणाची ते लिहीत नाही. तीन घरांत मुलं वाटून घेतलेली आहेत.) पहिल्या दोन फेऱ्या ती बरी चालवायची. मग वळणातून बाहेर पडताना इंजिन जोरात ओरडायचं आणि गाडी मात्र नुसती सरकायची. मागची मुलं दोन्ही बाजूंनी पुढे निघून जायची. थोड्या वेळाने करपलेला वास यायचा.

आम्ही काय निदान केलं असेल? मुलगी घाबरते. तीन शुक्रवार आम्ही तिला हेच सांगितलं. "पेडल पूर्ण दाब." "वळणात हिंमत सोडू नकोस." "मुलगे बघ कसे चालवतात." हे शेवटचं वाक्य आमच्यातल्याच एकाने उच्चारलं, आणि छापू नका अशी त्याची विनंती होती. ती म्हणायची, "काका, मी पूर्णच दाबते." आम्ही हसायचो. चौथ्या शुक्रवारी ती म्हणाली की तिला अभ्यास आहे, ती येणार नाही.

त्या शुक्रवारी नाशिकच्या घरातला मुलगा बसला. वयाने मोठा, वजनाने जड आणि भीतीशी ओळख नसलेला. दुसऱ्याच फेरीत गाडी त्याच्या हाताखालीही तशीच ओरडली आणि तशीच सरकली. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि बोललो काही नाही.

मग मोठ्यांची दुरुस्ती सुरू झाली. प्लग बदलला. तेल बदललं. एअर फिल्टर उघडला तर आतून पिठाच्या चाळणीसारखी धूळ पडली. इथली धूळ मैद्यासारखी बारीक, वारं सुटलं की ती कुठेही शिरते. फिल्टर साफ करणं चांगलंच झालं, पण दुखणं तिथे नव्हतं. ते आम्हाला कळायला हवं होतं. इंजिनात दम नसेल तर इंजिनाचा आवाजच चढत नाही. आमचा आवाज तर चढत होता, गाडी चढत नव्हती. म्हणजे ताकद तयार होत होती आणि चाकापर्यंत पोचण्याआधी मध्येच कुठेतरी गळत होती.

ह्या टप्प्यावर कोल्हापूरच्या वहिनींनी मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं. आता ते मुलं बघतात आणि मामा मुलांना बघतात. पडद्यावर आम्ही तिघं बाप्ये पाने घेऊन उभे होतो.

मामांनी पहिला प्रश्न विचारला, "लुना चालवलीय काय रं कुणी?"

चालवली होती. आपल्या पिढीत कोणी नाही चालवली? पुण्याच्या कायनेटिकने १९७२ साली आणलेली ती मोपेड. तिला क्लचची मूठ नव्हती. रेस वाढवली की गाडी आपोआप निघायची. "त्योच क्लच हाय तुमच्या गाडीत," मामा म्हणाले आणि आमचं अर्धं ओझं उतरलं.

ज्यांनी लुना नुसती बघितली, त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनाच्या शाफ्टवर एक गाभा बसवलेला असतो. त्यावर बुटाच्या टाचेसारखे वक्र तुकडे असतात, त्यांना शू म्हणतात. स्प्रिंगा त्यांना आत खेचून धरतात. ह्या सगळ्यावर टोपासारखा एक पोलादी ड्रम असतो आणि ड्रमला छोटं दातेरी चक्र. चक्रावरून चेन मागच्या अ‍ॅक्सलला जाते. इंजिन सावकाश फिरतंय तोवर शू आत, ड्रम मोकळा, गाडी उभी. रेस वाढली की जत्रेतल्या साखळीच्या पाळण्यासारखे शू बाहेर फेकले जातात, ड्रमला आतून घट्ट धरतात आणि गाडी निघते. आमच्या इंजिनात हे साधारण मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास सुरू होतं. बाहेर फेकणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. २००० चे ३००० झाले की जोर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. म्हणून हा क्लच कमी फेऱ्यांत ढिला आणि जास्त फेऱ्यांत घट्ट असतो. निघताना क्षणभर घसरणं हा त्याचा स्वभाव आहे. घसरतच राहणं हा आजार. मोठ्या मुलांच्या १२५ सीसी टू स्ट्रोक रोटॅक्स गाड्यांतही हाच प्रकार, फक्त आकडे वरचे.

मामांनी आम्हाला क्लचला हात लावू दिला नाही. म्हणाले, आधी बाकीचे निर्दोष आहेत का ते बघा. घरात भांडण झालं की आपण सर्वांत गरीब माणसावर ओरडतो, तसं क्लचचं असतं. त्यांचं हे वाक्य त्या मुलीच्या आईने ऐकलं आणि आमच्याकडे बघितलं.

इंजिन बंद करून, प्लगची टोपी काढून आम्ही गाडीचा मागचा भाग स्टँडवर उचलला. कार्टला डिफरन्शियल नसतं, एकसंध अ‍ॅक्सल असतो. एक चाक हाताने फिरवलं की दुसरंही फिरायला हवं, आणि सोडल्यावर थोडं फिरत राहायला हवं. आमचं चाक हात काढला की थांबायचं. ब्रेक डिस्कला घासत नव्हता. दोषी होती चेन. नवखे सगळेच करतात तशी आम्ही ती तारेसारखी ताणली होती. मधोमध बोटाने दाबली तर साधारण अर्धा इंच खेळ हवा. ताणलेली चेन गाडीलाही ओढते आणि क्लचच्या बुशलाही एका बाजूला खेचून झिजवते.

चेन सैल केली. गाडी थोडी सुधारली, पण बरी झाली नाही.

दुसरी तपासणी आम्हाला फार आवडली. शाफ्ट आणि क्लचचा गाभा ह्यांच्यामध्ये एक छोटी चौकोनी की असते. ती तुटली तर गाभा शाफ्टवरच घसरतो आणि माणूस उगाच शू बदलत बसतो. मामा म्हणाले, शाफ्टच्या टोकापासून गाभ्यापर्यंत एक रेघ ओढ आणि गाडी चालवून आण. रेघ तुटली तर की गेली. रंग नव्हता. वहिनींच्या पर्समधलं नेलपॉलिश निघालं, गुलाबी. एक फेरी झाली, रेघ अखंड राहिली. की शाबूत होती. ती गुलाबी रेघ अजून तिथे आहे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, मुलं असलेल्या घरांसाठी तर नक्कीच. त्या दिवशी घाईत आमच्यातल्या एकाने इंजिन चालू असताना चेनचं कव्हर काढून, हातमोजा घातलेल्या हाताने "इथून वास येतोय बघ" म्हणून बोट दाखवलं. चेनने मोजा ओढून नेला. बोट वाचलं कारण मोजा सैल होता. मोजा घट्ट असता तर आम्ही हा लेख लिहिला नसता. तेव्हापासून नियम असा की प्लगची टोपी काढून ती हातात घेतल्याशिवाय कोणीही मागे वाकायचं नाही. ड्रमला तर अर्धा तास हात लावायचा नाही. फिरून आलेला ड्रम तव्याइतका तापलेला असतो आणि तसा दिसत नाही.

मग क्लच उघडला.

ड्रमच्या आत निळे-जांभळे डाग पडले होते. पोलाद फार तापलं की असा रंग चढतो. शूंचे लायनर आरशासारखे चकचकीत झाले होते, आणि कडेला काळसर चिकट थर. मामांनी फोन जवळ धरायला सांगितला. बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तेल कुणी घातलं?"

आम्ही तिघांनीही घातलं होतं. एकाने दर शुक्रवारी चेनला स्प्रे मारला, तोही चाक फिरतं ठेवून, म्हणजे सगळीकडे नीट पसरावं. दुसऱ्याने कुठेतरी वाचलं होतं की ड्रमच्या बुशला तेल लागतं. म्हणून पुरणपोळीवर तूप सोडावं तसं सढळ हाताने सोडलं. तिसऱ्याला ह्या दोघांनी घातलंय हे माहीत नव्हतं. बुशला तेल लागतं हे खरं आहे. तो पितळी बुश तेल धरून ठेवणारा असतो आणि कोरडा पडला तर ड्रम शाफ्टला चिकटून बसतो. पण त्याला लागतात दोन-तीन थेंब, तेही गाडी चालवून झाल्यावर, थंड झाल्यावर. जास्तीचं तेल गाडी फिरली की बाहेर फेकलं जातं आणि ज्या एकमेव ठिकाणी ते नको, तिथेच, शू आणि ड्रमच्या मध्ये, जाऊन बसतं. क्लचची सगळी मदार कोरड्या घर्षणावर, आणि आम्ही तिला तीन हातांनी अभ्यंगस्नान घालत होतो.

तेल इंजिनाचं ऑइल सील गळूनही येऊ शकतं. म्हणून गाभ्याच्या मागची बाजू बघितली. ती कोरडी ठक्क होती. सील बिचारं निरपराध निघालं. दोष पूर्णपणे घरचा होता.

साफसफाई कशी केली ते सांगतो. पेट्रोलने नाही. त्याने आगीचा धोका असतो, आणि पृष्ठभागही हवा तसा स्वच्छ होत नाही. ब्रेक क्लीनरचा डबा आणला. ड्रमच्या आतून पॉलिश पेपर आडवा फिरवून चकाकी मोडली. शूंची बाजू वक्र असते, ती सपाट फरशीवर घासली तर आकार बिघडतो. म्हणून पेपर ड्रमच्या आत उलटा लावून त्यावर शू हलके घासले. तोंडाला मास्क लावला, आणि धूळ हवेच्या पाइपने उडवली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ही कामं स्वयंपाकघराच्या ओट्यावर करू नयेत, हे आम्हाला सांगितलं गेलेलं आहे.

शुक्रवारी गाडी सुसाट निघाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटांनी पुन्हा तीच ओरड, तोच वास. मामा फोनवर म्हणाले, "तेल प्यालेला शू परत कोरडा हुईत न्हाई. वरनं पुसलास, आतलं तापल्यावर भाईर येतंय." इंजिनाचे सुटे भाग इथे हवे तितके मिळतात, साइटवरच्या पंपांची कृपा. कार्टचा क्लच मात्र इंडस्ट्रियल एरियात दोन संध्याकाळ फिरूनही सापडला नाही. शेवटी नवे शू, स्प्रिंगा आणि ड्रम दुबईहून मागवले. ते यायला तीन आठवडे लागले. स्प्रिंगांबद्दल एक सांगून ठेवतो. कडक स्प्रिंग शूला उशिरा सोडते, मऊ लवकर. "जास्त पिकअप मिळेल" म्हणून कोणी कडक स्प्रिंगा सुचवल्या तर आधी आपलं इंजिन तितक्या फेऱ्यांवर जोर देतं का ते बघावं. नाहीतर घसरण वाढते.

ह्या तीन आठवड्यांत आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. तिची माफी मागितली असं म्हणणं फार सोपं झालं. प्रत्यक्षात तिघं काका सोफ्यावर बसून चहा पीत राहिलो आणि शेवटी एकाने जुना ड्रम वर्तमानपत्रातून काढून तिच्यासमोर ठेवला. तिने आतला निळा डाग बघितला. म्हणाली, "म्हणजे मी पूर्ण दाबत होते." आम्ही हो म्हणालो. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं." मग ती आत गेली, आणि पुढच्या शुक्रवारी येणार का हे विचारायची आमची छाती झाली नाही.

पण ती आली. नवा क्लच बसला होता. पहिली दहा-पंधरा मिनिटं हळूहळू निघायचं, मध्ये थंड होऊ द्यायचं, म्हणजे शू ड्रमला जुळून बसतात, ते केलं. गाडी वळणातून पहिल्यांदा आवाजाबरोबर पुढे आली.

आणि अर्ध्या तासाने पुन्हा वास. फार नाही, पण वास.

आम्ही क्लचकडे धावलो. तिने हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "मागे नका बघू, पुढे बघा. ब्रेक तापलाय." डिस्क खरंच तापली होती. तिने स्वतःच सांगितलं. डावा पाय सतत ब्रेकच्या पेडलवर टेकलेला असतो, कारण "बाबांनीच सांगितलं होतं, पाय कायम तयार ठेव." शिवाय पेडल तिच्यासाठी लांब होतं. पोचायला ती सीटमध्ये पुढे सरकायची आणि वळणात तोल गेला की वजन पायावर यायचं. म्हणजे उजवा पाय गाडी पळवत होता, डावा थोपवत होता आणि मध्ये क्लच भाजत होता. तीन शुक्रवार आम्ही ट्रॅकच्या कडेला उभे होतो. तिचा उजवा पाय पूर्ण दाबला जातोय का ह्यावर वाद घातला. डावा पाय कुठे आहे हे कोणी बघितलं नाही.

प्लायवूडचे दोन ठोकळे कापून पेडलना बसवले, सीट दीड इंच पुढे घेतली. खर्च जवळजवळ शून्य.

मागच्या चक्राचीही एक चूक होती, ती पटकन सांगतो. जास्त वेगाच्या मोहाने आम्ही मागे लहान चक्र लावलं होतं. लांब सरळ रस्त्यावर ठीक. आमच्या वळणावळणाच्या ट्रॅकवर मात्र हळू वळणात इंजिनाच्या फेऱ्या इतक्या खाली यायच्या की शू निम्मे सुटायचे. तीन दात मोठं चक्र लावलं. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा आरपीएम मीटर मिळतो, त्यावर आता सर्वांत हळू वळणातला आकडा आम्ही दर वेळी वहीत लिहितो. वही तिच्याकडे आहे. तेलाची बाटलीही तिच्याकडेच आहे, आणि बुशला दोन थेंब घालून झाले की ती झाकण लावून स्वतःच्या बॅगेत ठेवते.

जानेवारीतल्या शेवटच्या शुक्रवारी मुलांची आपापसात दहा फेऱ्यांची शर्यत झाली. नऊ गाड्यांत आमची सहावी आली. गाडी तिच्याच हातात होती. सातवा आलेला मुलगा नंतर येऊन विचारत होता की वळणातून ही इतकी लवकर कशी निघते. तिने त्याला खाली वाकून आधी त्याची चेन दाबायला सांगितली.

जुना ड्रम मामांना हवा आहे. किती वाकडा झालाय ते त्यांना लेथवर लावून बघायचं आहे, म्हणून सुट्टीत घेऊन या असा निरोप आला आहे. खजुराच्या डब्यांमध्ये तो बॅगेत कुठे बसवायचा ह्यावर घरात चर्चा चालू आहे. प्लायवूडच्या ठोकळ्यांच्या दोन जोड्या आम्ही जास्तीच्या कापल्या आहेत. ज्या दोन घरांत कार्ट येणार आहे, त्यांनी पाडव्याच्या कार्यक्रमाला येताना मुलांचे बूट घालून यावं, म्हणजे माप घेता येईल.